होंजो मासामुने: बिननावाची तलवार ओळखायची कशी?

मला जुन्या जपानी तलवारींचा नाद आहे हे कळलं की अगदी नवखा माणूसही एक प्रश्न विचारतोच: "ती हरवलेली मासामुने सापडली का हो?" मासामुने या जुन्या लोहाराने घडवलेल्या 'होंजो मासामुने' या नामांकित तलवारीबद्दल ते विचारत असतात. सापडलेली नाही. डिसेंबर १९४५ मध्ये ती तोकुगावा घराण्याकडून तोक्योतल्या एका पोलीस ठाण्यात जमा झाली. जानेवारी १९४६ मध्ये ठाण्यातून एका अमेरिकन सार्जंटच्या ताब्यात गेली. तिथून पुढे तिचा माग नाही.

ही गोष्ट रहस्यकथेसारखी रंगवून सांगणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तिच्यातला दुसराच प्रश्न छळतो. उद्या एखाद्या घराच्या माळ्यावरून एक गंजकी तलवार खाली आली, तर ती हीच, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? तिच्यावर घडवणाऱ्याचं नाव नाही. मालकाचं नाव नाही. मूठ आणि म्यान तिच्यासोबत राहिली असतील याची खात्री नाही. तरीही तिची ओळख पटवता येईल असं मला वाटतं. कशी, ते सविस्तर मांडतो.

आधी तलवार

गोरो न्यूदो मासामुने हा सागामी प्रांतातला, कामाकुराचा लोहार. काळ तेराव्या शतकाची अखेर आणि चौदाव्याचा पूर्वार्ध. पात्याला मातीचा लेप देऊन, धारेकडचा लेप पातळ आणि पाठीकडचा जाड ठेवून, तापवून पाण्यात बुडवलं की धार लवकर थंड होऊन कडक होते आणि पाठ तुलनेने मऊ राहते. दोन्हींच्या सीमेवर जी पांढुरकी लाटदार रेघ उमटते तिला हामोन म्हणतात. हे तंत्र मासामुनेचं एकट्याचं नव्हे. त्याचं वेगळेपण त्या सीमेवर दिसतं. तिथे पोलादाचे कण इतके ठळक असतात की नुसत्या डोळ्यांना सुटे सुटे दिसावेत. या कणांना निए म्हणतात. पहाटे गवताच्या पात्यावर दहिवर साचतं आणि तिरप्या उन्हात चमकतं, तसं ते दिसतं. त्याच्या पोलादाच्या अंगातही काळसर चमकत्या शिरा वळणं घेत गेलेल्या असतात. त्यांना चिकेई म्हणतात. आपल्याकडे तलवारीच्या 'पाण्या'बद्दल जुनी माणसं बोलायची. जपानी रसिक निए आणि चिकेई बघताना जे शोधतो ते याच जातीचं आहे.

मासामुनेने आपल्या कामावर नाव क्वचितच कोरलं. नाव असलेल्या त्याच्या वस्तू म्हणजे थोड्या कट्यारी. लांब तलवारी बहुतेक सगळ्या बिननावाच्या, आणि त्यातही पुढच्या काळात बुडाकडून कापून आखूड केलेल्या. घोड्यावरून लढायची लांब तलवार पायदळाच्या लढाईत अडचणीची व्हायची, म्हणून मुठीत जाणारा भाग, म्हणजे नाकागो, कापून पातं आखूड करायचा रिवाज पडला. कापताना नाव असलंच तर तेही जायचं. मासामुनेची सही इतकी दुर्मिळ, की १८९६ साली इमामुरा चोगा या जाणकाराने वर्तमानपत्रातून वाद घातला, की हा थोर मासामुने पुढच्यांनी मोठा करून ठेवलेला आहे. मोठी खळबळ उडाली. वाद मागे पडला, पण नावाशिवाय कर्ता ठरवायचा तो कशावरून, हा त्यातला मुद्दा खरा होता आणि आजही खरा आहे.

होंजोचं नाव कसं चिकटलं

तलवारीला नाव मिळालं ते होंजो शिगेनागा या सरदारावरून. तो उएसुगी घराण्याच्या पदरी होता. इंग्रजीत फिरणाऱ्या बहुतेक हकिगतींत ही घटना १५६१ च्या कावानाकाजिमाच्या लढाईत घातलेली असते. जपानी परंपरा ती १५८८ च्या जुगोरीगाहाराच्या लढाईत सांगते. ही जागा उत्तरेकडच्या शोनाई प्रदेशात, आजच्या यामागाता परगण्यात येते. मी जपानी परंपरेला धरून आहे.

हकिगत अशी: लढाई हरलेल्या बाजूचा तोझेन्जी उमानोकामी हा योद्धा कापलेलं एक डोकं हातात घेऊन, जणू आपल्याच पक्षाचा विजयी शिपाई नजराणा घेऊन आला आहे असं भासवत, शिगेनागाच्या जवळ पोचला. आणि त्याने वार केला. शिगेनागाचं शिरस्त्राण दुभंगलं, तरी तो वाचला. त्याने उलटून तोझेन्जीला ठार केलं आणि त्याची तलवार घेतली. ती ही. तपशील पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे, तेव्हा त्याच्यावर थोडी कल्हई चढली असणार. पण गावोगावच्या जत्रेतल्या पोवाड्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यात अडखळायचं कारण नाही.

पुढे पैशाची चणचण पडली तेव्हा शिगेनागाने ती तोयोतोमी हिदेत्सुगूला तेरा ओबानांना, म्हणजे सोन्याच्या तेरा मोठ्या नाण्यांना, विकली. तिथून हिदेयोशी, शिमाझू योशिहिरो असे हात बदलत ती तोकुगावा इएयासूकडे आली. त्याच्याकडून किशूच्या शाखेला, त्याचा मुलगा योरिनोबूकडे. योरिनोबूने ती चौथा शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, इएत्सुना याला दिली, आणि तेव्हापासून ती तोकुगावांच्या मुख्य घराण्यात राहिली. शोगुनशाही १८६८ मध्ये संपली, तलवार घरातच राहिली. १९३९ साली तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला.

या सगळ्यात आपल्या प्रश्नाला उपयोगी अशी घटना एकच. आठवा शोगुन योशिमुने याने होन'आमी घराण्याला नामांकित तलवारींची यादी करायला सांगितलं. होन'आमी म्हणजे पिढीजात पारखी आणि पॉलिशवाले. पारख करून दाखला देणं हा त्यांचा हक्काचा धंदा. १७१९ साली तयार झालेल्या त्या यादीला क्योहो मेइबुत्सुचो म्हणतात. तिच्यात ही तलवार आहे: होंजो मासामुने, आखूड केलेली, बिननावाची, लांबी दोन शाकू एक सुन साडेपाच बू. आजच्या मापात पासष्ट सेंटिमीटरांच्या किंचित वर.

हा एक आकडा माझ्या लेखी तेरा ओबानांपेक्षा मोलाचा आहे.

मेजिरोचं ठाणं

सप्टेंबर १९४५ मध्ये जपानने शरणागतीवर सही केली आणि हत्यारं जमा करायचे हुकूम निघाले. तलवार हत्यारच. सैनिकाची कारखान्यात निघालेली तलवार आणि सहाशे वर्षांपूर्वीचं पातं, हुकुमात दोघांना एकच माप. होन्मा जुन्जी, सातो कान्'इची यांच्यासारखे अभ्यासक या काळात अमेरिकन अधिकाऱ्यांना समजावत होते, की यातल्या काही वस्तू कलेच्या आहेत. अमेरिकन आठव्या आर्मीचे प्रोव्होस्ट मार्शल, म्हणजे लष्करी पोलिसांचे प्रमुख, कर्नल कॅडवेल यांनी ते मनावर घेतलं, म्हणून जपानमधल्या असंख्य जुन्या तलवारी आज आहेत. कलात्मक मोलाच्या तलवारींना सूट देऊन त्या तपासायची व्यवस्था लागली. १९४८ मध्ये या मंडळींनी तलवारींच्या जतनासाठी संस्थाही उभी केली.

पण हुकूम आणि व्यवस्था यांच्यामध्ये काही महिने गेले. त्या महिन्यांत तोकुगावा इएमासा, घराण्याचे सतरावे प्रमुख, यांनी डझनाहून अधिक तलवारी मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केल्या. होंजो मासामुने त्यांत होती. ते सरदारसभेतले मोठे गृहस्थ होते. पुढे त्या सभेचे शेवटचे अध्यक्षही झाले. आपल्यासारख्याने कायदा पाळला नाही तर इतरांनी का पाळावा, असा विचार त्यामागे असावा असं मला वाटतं. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

जानेवारी १९४६ मध्ये पोलिसांनी त्या तलवारी सातव्या कॅव्हलरीच्या एका सार्जंटला दिल्या. सातवी कॅव्हलरी तोक्योचा ताबा घेणाऱ्या डिव्हिजनमधलीच, त्यामुळे एवढं जुळतं. नोंदीतलं सार्जंटचं नाव मात्र इंग्रजीत पोचतं ते 'कोल्डी बायमोर' असं. या नावाचा माणूस सैन्याच्या कागदपत्रांत सापडत नाही. इथे बरेच जण थांबतात आणि 'गूढ माणूस' म्हणून मोकळे होतात.

मराठी वाचकाला यात गूढ वाटू नये. १७७९ मध्ये वडगावच्या लढाईच्या सुमारास कार्ल्याजवळ मारला गेलेला इंग्रज कॅप्टन आपल्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून माहीत आहे. तो मुळात स्टुअर्ट. शौर्यामुळे फाकडा आणि कानाला पडलं तसं इष्टुर. आता कंपनीच्या फौजेच्या यादीत कुणी 'इष्टुर फाकडा' शोधायला बसला तर काय हाती लागणार? मेजिरोच्या ठाण्यातल्या कारकुनाने अमेरिकन उच्चार ऐकला, तो काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहिला, आणि पुढे कुणीतरी काताकानावरून तो परत इंग्रजीत आणला. दोन वेळा गाळून घेतलेलं पाणी. जपानी लिपीत व्यंजनामागे स्वर येतो, र आणि ल एकच, आणि आद्याक्षरं नावात मिसळून जातात. 'बायमोर' किंवा 'बिमोर' हे 'बी. मूर' असू शकतं, पुढच्या 'डी'ला धरून 'डी. बी. मूर'ही असू शकतं. मूर आडनावाची माणसं अमेरिकन सैन्यात ढिगाने. नावावरून माणूस, माणसावरून घर, घरावरून तलवार, ही वाट म्हणून लांबची. पातं समोर आलं तर पात्यावरूनच ठरवायचं.

तो सार्जंट चोर होता असं सिद्ध करणारं काही नाही, हेही इथेच नोंदवतो. त्याने माल ताब्यात घेतला, एवढंच दिसतं. पुढे माल कुठे गेला याला तीन वाटा. अमेरिकेला परतणाऱ्या कुणाच्या तरी सामानात आठवण म्हणून. किंवा जमा झालेली हत्यारं नष्ट करताना भट्टीत अथवा समुद्रात. किंवा जपानमध्येच कुठेतरी. कांतो भागात जमा केलेल्या तलवारींचा एक मोठा साठा तोक्योतल्या आकाबाने इथल्या डेपोत होता. त्यातल्या साडेपाच हजारांच्या आसपास १९४७ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाकडे आल्या आणि ज्यांचे मालक सापडले नाहीत अशा तीन हजारांहून जास्त तलवारी १९९९ मध्ये देशभरच्या संग्रहालयांना वाटल्या गेल्या. त्या सगळ्या तज्ज्ञांच्या नजरेखालून गेल्या. होंजो मासामुने त्यांत नव्हती. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. मेजिरोत ती घाऊक ढिगात न जाता एका माणसाच्या नावावर गेली, एवढाच त्याला आधार.

समोर आली तर

समजा, पातं आलं. पहिली गोष्ट, त्यावर 'मासामुने' असं कोरलेलं असेल तर ती होंजो मासामुने नव्हे. नवख्यांना हे उलटं वाटतं. त्यांना नाव दिसलं की हर्ष होतो. आपली तलवार बिननावाची होती हे १७१९ पासून नोंदलेलं आहे, तेव्हा नाव असणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा. शिवाय मासामुनेचं खोटं नाव शतकानुशतकं कोरलं गेलं आहे.

इथे आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण मुद्दाम शेजारी ठेवतो. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ते युरोपी बनावटीचं पातं, म्हणजे फिरंग. तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहिब सुभा' हे स्वच्छ लिहिलेलं. ती बोलकी तलवार. जपानी पात्यात बोलणारा भाग बहुधा मुठीच्या आत दडलेला असतो, आणि होंजोच्या बाबतीत तोही मुका. मग तिचं अंगच वाचावं लागतं.

दुसरी गोष्ट, मूठ, म्यान आणि इतर साज यांच्यावर विसंबू नये. जपानी तलवारीचा साज, त्याला कोशिराए म्हणतात, पूर्ण सुटा होतो. बांबूची एक खुंटी काढली की मूठ निघते, मग हाताचं रक्षण करणारी चकती, म्हणजे त्सुबा, मग वॉशरसारख्या पातळ पट्ट्या, मग पात्याच्या मुळाशी बसणारी तांब्याची, चांदीची किंवा सोन्याची हाबाकी. एका पात्याला पाचशे वर्षांत दहा वेळा साज बदललेला असू शकतो. सुंदर त्सुबा ही स्वतंत्र कलावस्तू आहे, तिचे वेगळे कारागीर, वेगळी घराणी, वेगळे संग्राहक. गोतो घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचं आणि काळ्या मिश्रधातूचं काम केलं, त्यांच्या छोट्याशा मुठीवरच्या दागिन्यावर लोक आयुष्य काढतात. पण त्सुबा चांगली म्हणून पातं चांगलं, किंवा त्सुबा हलकी म्हणून पातं हलकं, असं म्हणता येत नाही. महायुद्धात कित्येक घरंदाज पाती सैनिकी साजात रणांगणावर गेली. उलट मौल्यवान पातं घरात असेल तर ते बहुधा शिरासायात, म्हणजे रंग न दिलेल्या साध्या लाकडी म्यानात निजवलेलं असतं. युद्धानंतर परदेशात गेलेल्या अनेक तलवारींचा साज सोडून वेगळा विकला गेला. म्हणून साजातून काही कळलं तर आनंद मानायचा, निर्णय त्यावर टांगायचा नाही.

तिसरी गोष्ट, माप. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, वळणावरून नव्हे आणि मुठीसकट तर नव्हेच. पासष्टच्या आसपास भरायला हवी. थोडी कमी भरली तर विचार करायचा: टोक मोडून पुन्हा घासलं गेलं असेल. जास्त भरली तर फाईल बंद. पोलाद वाढत नाही.

चौथी गोष्ट हामोन. पारख्यांनी शतकानुशतकं एक फार शहाणी सवय पाळली. पात्यावर कागद ठेवून त्याची कड आणि नाकागोचा ठसा घ्यायचा, मग हामोनची रेघ डोळ्यांनी बघत हाताने भरायची. याला ओशिगाता म्हणतात. आपल्या शिलालेखांचे ठसे घेतात त्याच्या जवळचं काम, फक्त अर्धं यंत्रासारखं आणि अर्धं चित्रकाराचं. नाकागोत खुंटीची भोकं किती, कुठे, एकमेकांपासून किती दूर, बूड कसं कापलंय, हे त्यात जसंच्या तसं उतरतं. होंजो मासामुनेची जुनी ओशिगाता शिल्लक आहे. तेव्हा समोरच्या पात्याचा ठसा घेऊन तो तिच्यावर ठेवायचा. हामोनच्या लाटा माणसाच्या अंगठ्याच्या रेषांसारख्या असतात. मातीचा लेप, भट्टीचा ताव, पाण्याचा गारवा, सगळं एकदाच जुळून आलेलं असतं, आणि तो वळसा पुन्हा घडवता येत नाही. भोकं जुळली, बूड जुळलं, लाटा जुळल्या, माप जुळलं, तर मी सही करायला तयार होईन. निए आणि चिकेई बघून 'हे मासामुनेचंच' म्हणणारा पारखी लागेलच. पण पारखी माणूस शैली सांगतो. ठसा सांगतो ती व्यक्ती.

हे नुसतं माझं स्वप्न नाही. २०१४ साली क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयाने जाहीर केलं, की शिमाझू मासामुने या नावाची, दीडशे वर्षं पत्ता नसलेली तलवार सापडली आहे. १८६२ मध्ये राजकन्या काझुनोमियाचं शोगुन इएमोचीशी लग्न झालं त्या वेळी ती शोगुनांकडून राजघराण्याला भेट गेली होती, पुढे कोनोए या सरदार घराण्याकडे आली. देणगीदाखल संग्रहालयात आली तेव्हा जुन्या नोंदी आणि जुनी रेखाटनं यांच्याशी ताडून तिची ओळख पटली. तीही मासामुनेची, तीही बिननावाची.

आणि अमेरिकेतून परत आलेल्या तलवारीचंही उदाहरण आहे. कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानातली, बिझेन प्रांतातल्या कुनिमुने या लोहाराची, राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार युद्धानंतर नाहीशी झाली होती. वॉल्टर कॉम्प्टन हे इंडियानातल्या औषध कंपनीचे प्रमुख आणि स्वतः डॉक्टर. त्यांनी अटलांटातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक तलवार घेतली. हातात आल्यावर ती साधी नाही हे त्यांना उमगलं, शोध घेतला, आणि ती हीच निघाली. १९६३ मध्ये त्यांनी मोबदला न घेता ती देवस्थानाला परत केली. कुनिमुनेच्या नाकागोवर दोन अक्षरी नाव होतं, एवढा फायदा त्यांना होता. पण दुकानातल्या शेकडो गिऱ्हाइकांनी ती दोन अक्षरं पाहिली असती तरी काय झालं असतं? बघणाऱ्याला थांबावंसं वाटलं, हे मोठं.

धोका कुणापासून

होंजो मासामुने चोरांपासून सुरक्षित राहिली असेल, तरी मला भीती वाटते ती चांगल्या मनाच्या माणसांची. वारसाला माळ्यावर तलवार मिळते. तो ती 'स्वच्छ' करतो. मुठीतला भाग काळाकुट्ट गंजलेला दिसतो, म्हणून सँडपेपर मारतो. जुन्या नाकागोवरचा तो गंज शतकांनी चढवलेला थर असतो, मऊ, तपकिरी-काळा, भिजलेल्या चिंचेसारखा. वय ठरवताना आम्ही आधी तोच बघतो. तो गेला की पातं पाचशे वर्षांचं की पन्नास, याचा पहिला साक्षीदार गेला. मग बफिंगच्या चाकावर पातं आरशासारखं केलं जातं. निए दिसेनाशी होते, कडा गोल होतात. मग एखादं नवं भोक पाडून नवी मूठ बसवली जाते, आणि ओशिगाताशी ताडायची जागाच बदलते. असं पातं पासष्ट सेंटिमीटर भरलं तरी मी छातीठोकपणे काही सांगू शकणार नाही.

हे मी अशा एका तलवारीवर स्वतः पाहिलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, मराठा लाइट इन्फंट्रीतून ब्रह्मदेशच्या मोहिमेवर गेलेल्या एका हवालदारांच्या घरी, त्यांनी आणलेली जपानी तलवार होती. नातवाने बोलावलं. त्यांच्या सूनबाई, आता स्वतः ऐंशीच्या पुढच्या, पत्र्याच्या ट्रंकेतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते ओझं काढून म्हणाल्या, "मामंजी दरसाल दसऱ्याला पुजायचं. लई जपून हां भाऊ, धार उतरली न्हाई आजून."

म्यान खाकी रंगाचं, पत्र्याचं. मूठ सैनिकी. मी जमिनीवर मऊ चादर अंथरली, पितळी सळईने खुंटी हळूच मागून ठोकली. ती निघाली. मूठ मात्र हलेना. डाव्या हाताने मूठ उभी धरून उजव्या मुठीने मनगटावर बारीक ठोके देत राहिलो, तशी एकेक दोरा ती सैल होत आली. नातू श्वास रोखून बसला होता. त्याने कुठेतरी होंजो मासामुनेचं वाचलं होतं, म्हणून तर मला बोलावलं होतं. नाकागो बाहेर आला. गंज पातळ, कोरडा, लालसर. एकच भोक, ड्रिलने पाडल्यासारखं गोल. आणि पाठीजवळ एक छोटासा ठोकलेला शिक्का: शोवा काळातल्या, म्हणजे युद्धाच्या सुमाराच्या, पारंपरिक रीतीने न घडवलेल्या पात्यांवर मारत असत तो.

पात्यावर लाट होती, पण ती निर्जीव. तेलात थंड केलेल्या कारखानी पात्याची. दिव्याखाली तिरपी धरून नातवाला दाखवली. "यात दहिवर दिसतंय का?" त्याने बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. टोकाशी मात्र कुणीतरी कधीतरी ग्राइंडर लावलेला. हवालदारांच्या हयातीत नव्हे, मागाहून, आवडीने चकचकीत करायला. दोन इंच पांढरं झालं होतं.

"म्हंजी किंमत न्हाई व्हय तिला?" आजींनी विचारलं.

मी त्यांना खरं ते सांगितलं. बाजारात तिला फार मोल येणार नाही. पण हवालदारांनी ती कुठून आणली, कुठल्या पलटणीत होते, कुठल्या साली घरी आले, हे घरात कुणाला नेमकं आठवत असेल तर ते आजच लिहून ठेवा. आजींना साल आठवलं नाही, महिना आठवला. ज्या वर्षी त्या लग्न होऊन आल्या त्याच्या दोन दिवाळ्या आधी, असं त्या म्हणाल्या. तेवढं नातवाने वहीत उतरवलं.

मग मी पात्यावर कागद ताणून धरला आणि नातवाला शिसाची कांडी दिली. त्याने टोकापासून बुडापर्यंत कड काढली, भोक काढलं, शिक्का काढला. लांबी टोकापासून पाठीच्या खाचेपर्यंत सरळ मोजून खाली लिहिली. पलटणीचं नाव, आजोबांचं नाव, आजींनी सांगितलेला महिना, आजची तारीख. पात्याला लवंगेचं तेल मिसळलेलं पातळ तेल लावून मूठ परत बसवली. कागदाची घडी आजींनी तलवारीच्या फडक्यात न ठेवता ट्रंकेच्या झाकणाला आतून असलेल्या खिशात सरकवली, कारण सातबाराचे उतारे त्या तिथेच ठेवतात.